यजमानाचे यश

(बुधवारा, बऱ्हाणपूर येथे महाजन कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्वप्रथम श्रीचरणी वंदन करतो. आपल्या कुलदेवतेच्या प्राकारापासून इतक्या दूर, तापीच्या ह्या काठी, बुधवाऱ्यातील एका वाड्यात आपण सर्व मंडळी एकत्र जमलो आहोत, ही त्याचीच कृपा होय. समितीने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, त्याबद्दल मी ऋणी आहे. तथापि एक खुलासा आरंभीच करतो. मी व्याख्याता नव्हे, खेळाडू तर मुळीच नव्हे. उभा जन्म कचेरीत कारकुनी करण्यात गेला. समोर आलेल्या तक्त्याची बेरीज स्वतः पडताळून पाहिल्यावाचून त्यावर सही करावयाची नाही, एवढी एकच विद्या मला अवगत आहे, आणि आज तिच्याच आधाराने मी बोलणार आहे.

विषय मी का निवडला तेही सांगतो. पुढील वर्षापासून स्नेहमेळाव्यास जोडून मुलामुलींचे क्रीडासामने भरवावेत, यजमानपद पाळीपाळीने एकेका गावच्या कुटुंबांकडे जावे आणि खेळांची यादी त्या त्या यजमानांनी ठरवावी, असा प्रस्ताव काल समितीपुढे आला. पहिल्या दोन कलमांस सर्वांनी मान डोलावली. तिसऱ्यावर मात्र मतभेद झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘‘खर्च ज्याचा, पसंती त्याची.’’ त्यावर एका तरुणाने उत्तर दिले, ‘‘मग बक्षिसे आजच वाटून टाकू या, सामने कशाला?’’ हशा झाला आणि विषय आजच्या सभेवर ढकलला गेला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. हा प्रश्न आपल्या मेळाव्यापुरता लहान दिसतो खरा. परंतु हाच प्रश्न मोठमोठ्या राष्ट्रांपुढे येऊन गेला आहे, आणि आपल्या भारतवर्षापुढे तर तो अनेकदा आला आहे. त्या वेळी काय घडले ते पाहिले, तर आपल्यालाही निर्णय करणे सुकर होईल.

आरंभ १९५१ सालापासून करतो. आशिया खंडातील राष्ट्रांचे सामने भरवावेत ही कल्पना मुळात प्रा. गुरुदत्त सोंधी ह्यांची. १९३४ साली दिल्ली आणि पतियाळा येथे ‘पश्चिम आशियाई क्रीडास्पर्धा’ ह्या नावाने एक लहानसा प्रयोग झाला होता. पुढे महायुद्धाने तो धागा तुटला. स्वातंत्र्यानंतर सोंधींनी तो पुन्हा हाती घेतला आणि १९४९ च्या फेब्रुवारीत दिल्ली येथे आशियाई क्रीडा महासंघाची स्थापना झाली. पहिली स्पर्धा १९५० साली दिल्लीस व्हावयाची होती. तयारी पुरी होईना, म्हणून ती पुढे ढकलावी लागली. त्या काळचे चित्र डोळ्यांपुढे आणा. फाळणीचे घाव ताजे, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या, धान्य शिधापत्रिकेवर. अशा वेळी पाहुणे बोलावणे म्हणजे घरात लग्नकार्य काढण्याचेच धाडस. आयोजनाचा प्रत्यक्ष भार अँथनी डिमेलो ह्यांनी उचलला, ज्यांचा क्रिकेट नियामक मंडळाच्या स्थापनेतही मोठा हात होता. पाहुण्या खेळाडूंसाठी नवी वसाहत बांधण्याइतका पैसा नव्हता. लष्कराच्या बराकींत त्यांची सोय केली गेली.

४ मार्च १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते स्पर्धेचे उद्घाटन झाले आणि ११ मार्चला ती संपली. अकरा राष्ट्रे, ४८९ खेळाडू, सहा खेळ. आता तक्ता पाहा. जपान पहिला, २४ सुवर्णपदके. यजमान भारत दुसरा, १५ सुवर्ण, १६ रौप्य व २० कांस्य, म्हणजे एकूण ५१. इराण तिसरा, ८ सुवर्ण. वृत्तपत्रे वाचणारा मनुष्य येथे थांबतो. कारकून थांबत नाही. त्या पंधरांची फोड काय आहे हे तो पाहतो.

पंधरांपैकी दहा मैदानी खेळांत मिळाली. मुंबईचा लेव्ही पिंटो शंभर आणि दोनशे मीटर ह्या दोन्ही शर्यती जिंकला आणि आशियातील सर्वांत वेगवान धावपटू ठरला. आठशे मीटरमध्ये रणजितसिंग, पंधराशेमध्ये निक्कासिंग, मॅरेथॉनमध्ये छोटासिंग, चालण्याच्या शर्यतींत महावीरप्रसाद आणि बख्तावरसिंग, गोळाफेकीत मदनलाल, थाळीफेकीत माखनसिंग, आणि चारशे मीटरची चौघांची रिले. येणेप्रमाणे दहा. पोहण्यात शंभर मीटरचे सुवर्ण बंगालच्या सचिन नाग ह्यांचे. आशियाई स्पर्धांतील भारताचे पहिले सुवर्णपदक ते हेच. पाण्यात सूर मारण्याच्या दोन्ही प्रकारांत के. पी. ठक्कर पहिले आले. एक वॉटरपोलोचे. आणि शेवटचे फुटबॉलचे, जेथे अंतिम सामन्यात साहू मेवालाल ह्याच्या एकुलत्या एका गोलाने इराणचा पाडाव झाला. बेरीज पंधरा, ताळा जमतो.

मुलींना मुद्दाम सांगतो की त्या मैदानात स्त्रियाही धावल्या होत्या. मुंबईच्या रोशन मिस्त्री शंभर मीटरमध्ये दुसऱ्या आल्या, वांद्र्याच्या मेरी डिसूझा दोनशेमध्ये तिसऱ्या आल्या आणि चौघींच्या रिलेत भारताला रौप्य मिळाले. घरातील मुलीने चारचौघांत धावणे ज्या काळी अनेक कुटुंबांना रुचत नव्हते, त्या काळची ही गोष्ट.

आता जे ह्या तक्त्यात नाही त्याकडे आपले लक्ष वेधतो. त्यात हॉकी नाही. १९२८, १९३२, १९३६ आणि १९४८ अशा लागोपाठ चार ऑलिम्पिक स्पर्धांत ज्या राष्ट्राने हॉकीचे सुवर्ण सोडले नाही, त्याने स्वतःच्या अंगणातील सामन्यांत हॉकी ठेवलेली नाही! कुस्तीही नाही. ज्यांनी ह्या गावातील आखाड्यांची माती एकदा तरी अंगाला लावली आहे त्यांना हे विचित्र वाटेल. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. म्हणजे पहिलवान नव्हते असेही नाही. कुस्ती आशियाई सामन्यांत आली ती १९५४ साली मनिला येथे, आणि हॉकी १९५८ साली टोकियोत. हे दोन्ही खेळ १९५१ च्या यादीत असते, तर यजमानाच्या खात्यावर आणखी किती पदके जमा झाली असती ह्याचा अंदाज आपणच करावा.

आणखी एक गोष्ट. जो जपान पहिला आला, त्याला १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचे बोलावणेच नव्हते. युद्धात हरलेले, जगाने दाराबाहेर ठेवलेले राष्ट्र ते. त्याला दिल्लीने पाटावर बसवले आणि ते पाहुणे आपल्यापेक्षा नऊ सुवर्णपदके अधिक घेऊन घरी गेले. आमच्या घरी वडीलधाऱ्यांचा दंडक होता की जत्रेच्या दिवशी घरचे पुरुष शेवटच्या पंगतीस बसावयाचे. भाजी संपली असेल तर ताकभातावर भागवावयाचे, पण पाहुण्याच्या पानावर कमी पडता कामा नये. १९५१ चा तक्ता वाचताना मला त्या पंगतीची आठवण होते. दुसरा क्रमांक हे यजमानाचे अपयश होते असे मला कधीच वाटले नाही.

ह्यानंतर एकतीस वर्षांनी, १९८२ च्या नोव्हेंबरात, ती स्पर्धा पुन्हा दिल्लीस आली. तोवर देश बदलला होता. नवी क्रीडागारे, नवे रस्ते, अप्पू हत्तीचे चित्र आणि घरोघरी आलेला रंगीत दूरदर्शन संच, हे सारे माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेलच. ह्या खेपेस चीन ६१ सुवर्णांसह पहिला, जपान ५७ घेऊन दुसरा, आणि यजमान भारत १३ सुवर्णांसह पाचवा. एकूण पदके मात्र ५७, म्हणजे १९५१ पेक्षा सहा अधिक.

ह्या तेरांचीही फोड करू. मैदानी खेळांत चार: आठशे मीटरमध्ये चार्ल्स बोरोमिओ, स्त्रियांच्या चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत एम. डी. वलसम्मा, गोळाफेकीत बहादुरसिंग, वीस किलोमीटर चालण्यात चांदराम. कुस्तीत सतपाल, मुष्टियुद्धात कौरसिंग. मुंबईच्या समुद्रात झालेल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया ही जोडी. हे सात झाले. उरलेले सहा कोठले? गोल्फचे दोन, अश्वारोहणाचे तीन आणि स्त्रियांच्या हॉकीचे एक. आता लक्षपूर्वक ऐका: गोल्फ, अश्वारोहण आणि स्त्रियांची हॉकी हे तिन्ही खेळ आशियाई सामन्यांत प्रथम आले ते १९८२ सालीच, आपल्याच घरी. तेरांपैकी सहा सुवर्ण त्या वर्षी नव्याने यादीत आलेल्या खेळांतून मिळाले.

येथे कोणी म्हणेल, हे बरे नव्हे. यजमानाने आपल्या सोयीचे खेळ घुसडले. मलाही प्रथम असेच वाटले होते. परंतु पुढील वर्षांचे तक्ते चाळले असता निराळे दिसते. स्त्रियांची हॉकी त्या दिवसापासून आशियाई सामन्यांत कायमची राहिली. दक्षिण कोरिया आणि चीन ह्यांच्या मुलींनी पुढे त्यात आपल्याला अनेकदा धूळ चारली. गोल्फ राहिला, घोडेस्वारीही राहिली. गेला तो एक प्रकार, भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतील खुंटी उचलण्याचा, ज्यास टेंट पेगिंग म्हणतात. त्यात सुवर्ण आपल्यालाच मिळाले होते. तो आशियाई स्पर्धेत त्यानंतर पुन्हा झाला नाही. पाहुण्यांना जो पदार्थ रुचला तो त्यांनी आपल्या घरी नेऊन शिजवला, जो केवळ आपल्या जिभेचा होता तो आपल्या ताटात राहिला. यजमानाने नवा खेळ यादीत घातला ह्याबद्दल त्याला दोष देण्यापूर्वी पाहुण्यांनी पुढे त्या खेळाचे काय केले हे तपासले पाहिजे.

आणि त्याच १९८२ मध्ये, १ डिसेंबरला, ज्या खेळावर देशाने सर्वाधिक आशा ठेवली होती त्या पुरुषांच्या हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला सात विरुद्ध एक असे हरवले, तेही राजधानीत, भरल्या मैदानात. घरचे अंगण जिंकून देते असे मानणाऱ्यांनी तो आकडा कोठेतरी लिहून ठेवावा.

आता आपल्या गोव्याकडे येतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तोच विषय असणार. २०१४ च्या जानेवारीत, १८ पासून २९ पर्यंत, गोव्यात तिसरी लुसोफोनिया क्रीडास्पर्धा झाली. पोर्तुगीज भाषेशी ज्यांचा राज्यकारभाराचा वा इतिहासाचा संबंध आहे अशा देशांची ही स्पर्धा. पहिली २००६ साली मकाव येथे, दुसरी २००९ साली लिस्बन येथे झाली होती. पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला, मोझांबिक, केप व्हर्द, गिनी-बिसाव, साव तोमे, पूर्व तिमोर, मकाव ही त्यातील मंडळी. भारत आणि श्रीलंका सहयोगी सदस्य. भारताला हे निमंत्रण का मिळाले हे सांगण्याची आवश्यकता नाही. ते गोव्याच्या साडेचारशे वर्षांच्या इतिहासामुळे. ही स्पर्धाही दिल्लीच्या पहिल्या स्पर्धेप्रमाणे वेळेवर होऊ शकली नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात व्हावयाची ती तयारीअभावी जानेवारीत गेली. आपल्याकडे मंडप उभारण्याच्या कामास शेवटच्या रात्रीच वेग येतो, हे जत्रेतही दिसते आणि ऑलिम्पिक समित्यांतही!

निकाल मोठा गोड लागला. भारत पहिला: ३७ सुवर्ण, २६ रौप्य, २९ कांस्य, एकूण ९२ पदके. फुटबॉलचे सुवर्णही यजमानांनीच जिंकले, आणि त्या संघात आपली गोमंतकीय मुले होती, ह्याचा आनंद फातोर्ड्यापासून पेडण्यापर्यंत झाला. पोर्तुगालला मागे टाकले म्हणून कित्येकांनी मिशांवर ताव दिला. मला त्यांचे मन समजते. १९६१ पूर्वीचा गोवा ज्या पिढीने पाहिला तिला ह्या तक्त्यात पदकांपेक्षा अधिक काही दिसले असेल.

परंतु सही करण्यापूर्वी येथेही बेरीज तपासली पाहिजे. साव तोमे आणि प्रिन्सिप हा सारा देश मिळून त्या वेळी दोन लाखांच्या आसपास लोकवस्तीचा. त्याच्याशी सव्वाशे कोटींचा देश धावला. भारताच्या पथकात गोव्याबाहेरच्या अनेक राज्यांतील तयारीचे खेळाडू होते. वुशू नावाचा चिनी युद्धखेळ ह्या स्पर्धेत त्या वर्षी प्रथमच घेतला गेला. हे सारे नियमानुसारच झाले; त्यात लबाडी काही नाही. पण १९५१ चा दुसरा क्रमांक आणि २०१४ चा पहिला क्रमांक एकाच तराजूत घालू नयेत, असे माझे प्रामाणिक मत आहे. आणि चौथी स्पर्धा मापुतो येथे २०१७ साली व्हावयाची ठरली होती, ती झाली नाही. मोझांबिकच्या मुलांना आपल्याला त्यांच्या अंगणात बोलावून परतफेड करण्याची संधी मिळाली नाही, ह्याची मला खरोखर खंत वाटते.

जाता जाता एक शब्द. लिसेवात लॅटिनची जी थोडीफार ओळख झाली, तीत ‘होस्पेस’ असा एक शब्द होता. पाहुण्यालाही तोच, यजमानालाही तोच. कोणता अर्थ घ्यावयाचा ते वाक्यावरून ठरवावे लागे. मास्तरांना आम्ही विचारले की असे कसे, तेव्हा त्यांनी सांगितले, जो आज येतो तो उद्या बोलावतो. पोर्तुगीजमध्ये आल्यावर त्या शब्दाचे रूप पाहुण्यापुरतेच उरले आणि यजमानास निराळा शब्द आला. लुसोफोनिया स्पर्धेचे असेच काहीसे झाले म्हणावयाचे.

तथापि गोव्याच्या त्या स्पर्धेतून एक गोष्ट मागे राहिली, ती म्हणजे जागा. तिच्या निमित्ताने ताळगावात आणि नावेलीत बंदिस्त क्रीडागारे उभी राहिली, फातोर्ड्याचे मैदान नव्याने सजले. नऊ वर्षांनी, २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२३ ह्या काळात, गोव्यात सदतिसावी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरली. आपला शेजारी महाराष्ट्र ८० सुवर्ण आणि एकूण २२८ पदके मिळवून पहिला आला. यजमान गोवा नववा: २७ सुवर्ण, २७ रौप्य, ३८ कांस्य. ह्यांची बेरीज करा. ब्याण्णव! २०१४ साली साऱ्या भारताने गोव्यात मिळवली तितकीच पदके २०२३ साली एकट्या गोव्याने मिळवली. हा केवळ योगायोग आहे हे मला कळते. पण कारकुनाला असे योगायोग सापडले की दिवस सार्थकी लागतो. पहिल्या ब्याण्णवांच्या वेळी समोर साव तोमेसारखे लहान देश होते, दुसऱ्यांच्या वेळी महाराष्ट्र, हरियाणा आणि सेनादल. मला विचाराल तर नववा येऊन मिळवलेले हे ब्याण्णव मी अधिक जपून ठेवीन.

शेजारच्या नेपाळचे उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण लहान यजमानासाठी ते मोलाचे आहे. दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा २०१६ साली गुवाहाटी व शिलाँग येथे झाली, तेव्हा यजमान भारताने १८८ सुवर्ण लुटले आणि नेपाळच्या हाती अवघी तीन आली. पुढील स्पर्धा २०१९ च्या डिसेंबरात काठमांडू, पोखरा व जनकपूर येथे झाली, आणि यजमान नेपाळने ५१ सुवर्णांसह दुसरा क्रमांक पटकावला. कराटे आणि तायक्वांदो ह्या त्यांच्या आवडीच्या खेळांचा त्यात मोठा वाटा होता, हे खरे. परंतु गौरिका सिंग ह्या मुलीने पोहण्याची चार सुवर्णपदके जिंकली, आणि तलावातील पाणी यजमानासाठी काही हलके होत नाही. घरी सामने आहेत म्हटल्यावर आईबाप मुलांना सरावास सोडतात, सरकार चार पैसे सोडते, हाही यजमानपदाचा गुण आहे. तो नाकारू नये.

आता शेवटचा खेळ. त्याच्यासाठीच मी हे सारे बोललो असे म्हटले तरी चालेल. कबड्डी, म्हणजे आपला हुतूतू. येथून फार दूर नसलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जे देशी खेळ जगापुढे करून दाखवले त्यांत तो होता. १९८२ च्या दिल्लीत तो प्रदर्शनापुरता खेळला गेला. पदके ठेवली नव्हती. १९९० साली बीजिंग येथे तो पदकांच्या यादीत आला आणि तेथपासून २०१४ पर्यंत पुरुषांचे सुवर्ण लागोपाठ सात वेळा भारताकडेच राहिले. एखादे घराणे गावाचा मान वर्षानुवर्षे एकट्याने भोगते तसे. इतर देश येत, हरत आणि आपल्याकडून शिकून जात. आपल्या प्रशिक्षकांनी त्यांना शिकवले, हातचे काही राखून ठेवले नाही.

२०१८ साली जाकार्ता येथे इराणच्या पुरुषांनी उपांत्य सामन्यातच भारताला हरवले आणि सुवर्ण नेले. स्त्रियांच्या अंतिम सामन्यात इराणने भारतावर २७ विरुद्ध २४ अशी मात केली. आणि त्या इराणी मुलींना तयार करणाऱ्या प्रशिक्षक कोण होत्या? नाशिकच्या शैलजा जैन. त्या दिवशी आपल्याकडे अनेकांना वाईट वाटले, काहींनी कटू शब्दही वापरले. ज्यांनी आपल्या मातीतला खेळ परक्या मुलींना इतक्या निष्ठेने शिकवला की त्यांनी आपल्यालाच हरवावे, त्या बाईंच्या मनात तेव्हा काय असेल ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भारताचे रौप्य आणि इराणचे सुवर्ण, ह्यांपैकी कोणते पदक अधिक मराठी, हे मला आजही ठरवता आलेले नाही. पुढे हांगझोउ येथे २०२३ साली भारताने दोन्ही सुवर्णे परत मिळवली. पण त्या वेळी पुरुषांचा अंतिम सामना इराणशी इतका अटीतटीचा झाला की पंचांच्या निर्णयावरून खेळ बराच वेळ थांबून राहिला. एकट्याने जिंकण्याचे दिवस संपले होते, आणि कबड्डी हा आता खरोखरीचा आशियाई खेळ झाला होता.

तेव्हा आपल्या तिसऱ्या कलमाविषयी माझी सूचना अशी. यजमानांनी खेळ निवडावेत, त्यांचा तो मान आहे. परंतु यादीत पाच खेळ असतील तर चार त्यांनी निवडावेत आणि पाचवा पाहुण्या गावांनी मिळून. यजमानांनी नवा खेळ घालावयाचा असल्यास त्याचे नियम चार महिने आधी सर्व गावांना लेखी कळवावेत, आणि शक्य तर एखादा जाणता मुलगा वा मुलगी पाठवून तो शिकवावा. दुसऱ्या वर्षी निदान दोन इतर गावांनी मागणी केली तरच तो यादीत राहावा. मुलींच्या शर्यती मुलांच्या आधी, सकाळच्या उन्हात व्हाव्यात. सायंकाळी सत्कारांच्या गर्दीत त्या गुंडाळल्या जातात, हा आजवरचा अनुभव आहे. आणि निकालाच्या तक्त्यात पदकांच्या स्तंभाशेजारी आणखी एक स्तंभ असावा: त्या खेळात किती गावांची मुले उतरली. दोघेच धावले आणि यजमान पहिला आला, तर तेही वाचणाऱ्यास कळले पाहिजे.

हा तक्ता लिहिण्याचे काम समितीने मजकडे द्यावे अशी विनंती करतो. अक्षर अद्याप बरे आहे. वही मी स्वतःच्या खर्चाने आणीन, आणि दर वर्षी जेथे यजमानपद असेल त्या गावी ती पोचती करण्याची जबाबदारी घेईन.